हात कुठे थांबवायचा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात अब्बांचं गॅरेज होतं. शाळेला सुट्टी लागली की वर्गातली मुलं मामाच्या गावाला जायची, मी रॉकेलच्या ट्रेमध्ये नटबोल्ट धूत बसायचो.

दहावीच्या सुट्टीत एका गिऱ्हाइकाची कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० आली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. त्याला ती शर्यतीत पळवायची होती. इंजिनात जास्त हवा गेली तरच जास्त पेट्रोल जळणार आणि ताकद वाढणार. म्हणून अब्बांनी हेड उतरवलं आणि मला म्हणाले, "इनटेकच्या तोंडात करंगळी फिरव."

मग हेडवर गॅसकेट बसवून पाहिली. मॅनिफोल्डचं तोंड, गॅसकेटचं भोक आणि हेडचं पोर्ट, तिन्ही एकमेकांशी नीट जुळत नव्हती. ओतीव कामात असा थोडा फरक राहतोच. मॅनिफोल्डचं तोंड मोठं आणि पुढचं पोर्ट लहान असेल तर मध्ये पायरी तयार होते. वेगात आलेली हवा तिच्यावर आपटते. अब्बांनी हेडला निळी शाई लावली, गॅसकेट ठेवून सुईनं रेघ ओढली. रेघेच्या आतलं तेवढं डाय ग्राइंडरनं काढायचं आणि ते आत हळूहळू निमुळतं करत मूळ पोर्टात मिळवायचं. हेच पोर्ट मॅचिंग.

"रेघ ओलांडायची नाही," एवढं सांगून अब्बा घरी जेवायला गेले.

मला वाटलं, भोक जेवढं मोठं तेवढी हवा जास्त. खरं तर पोर्ट गरजेपेक्षा मोठं केलं की हवेचा वेग पडतो आणि कमी फेऱ्यांना इंजिन मरगळतं. व्हॉल्व्ह सीटच्या जवळचा गळा आणि तिथलं वळण जास्त महत्त्वाचं. पण हे मला तेव्हा कुठं माहीत होतं? ॲल्युमिनियम मऊ, बर लोण्यात फिरावा तसा फिरत होता. मजा येत होती. मग एकदम भिंतीत टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसला. त्यामागं पाण्याचं जॅकेट होतं.

कपाटात एपॉक्सीची ट्यूब होती. ठिपका बुजवून वर पॉलिश पेपर मारला असता तर कुणाला दिसलंही नसतं. ट्यूब हातात घेऊन मी बराच वेळ उभा होतो. उष्णतेनं ती पुटी निखळली असती तर सिलिंडरमध्ये गेली असती, मागोमाग पाणी. मी ट्यूब परत ठेवली. ती भीतीनं ठेवली की इमानानं, हे आजही सांगता येत नाही.

अब्बा आल्यावर सगळं सांगितलं. त्यांनी पोर्टात बॅटरी मारून पाहिलं. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी हात पुसले, गिऱ्हाइकाला फोन लावला आणि माझ्यासमोरच म्हणाले, "साहेब, तुमचं हेड माझ्या दुकानात खराब झालं. दुसरं मी घालून देतो." माझं नाव घेतलं नाही.

भंगार बाजारातून दुसरं हेड आणलं. त्या महिन्यात घरी मटण आलं नाही. अम्मीनं कारण विचारलं नाही, म्हणजे तिला माहीत होतं.

नवं हेड बाकावर ठेवून अब्बा म्हणाले, "आता हे तूच कर."

"माझ्याकडून पुन्हा चुकलं तर?"

"गाडी दुसऱ्याची अमानत आहे, एवढं लक्षात ठेव. हात आपोआप थांबतो."

तीन दिवस लागले. इनटेक ८० नंबरच्या पेपरवर थोडं खरबरीत ठेवलं, कारण आरशासारख्या भिंतीवर पेट्रोलचे थेंब साचतात. एक्झॉस्ट मात्र चकचकीत केलं, तिथं काजळी कमी धरते. शेवटी करंगळी फिरवली. कड लागली नाही.

आज माझ्याकडं शिकायला पोरं येतात. हेड हातात देण्याआधी मी त्यांना या ठिपक्याची गोष्ट सांगतो. ते जुनं हेड अजून फळीवर आहे. विकायला कधी मन झालं नाही.