आराखडा आणि हात

आमच्या वाडवडिलांच्या हातांत कसब होते. परंतु वस्तूचा आराखडा आखण्याचा मान त्या हातांना क्वचितच मिळाला. जातीने केवळ कामे वाटली नाहीत, काम करणारी माणसेच परस्परांपासून तोडली, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले.

म्हणूनच पुणे जिल्ह्यातील पाबळचे आम्हांस विशेष अगत्य वाटते. तेथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापिला. प्रत्यक्ष कामातून शिक्षण हे त्याचे सूत्र. २००२ साली अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने तेथे फॅब लॅब, म्हणजे संगणकावर आखलेली वस्तू यंत्रांनी घडविण्याची कार्यशाळा, सुरू झाली.

अशा कार्यशाळेत उतरते लेखनमेज करावयाचे झाल्यास बसलेल्या मुलाच्या कोपराची उंची आणि प्लायवूडची जाडी आज्ञावलीत लिहावी लागते. एक आकडा बदलला की सारे भाग नव्याने आखले जातात. लेसर फळी कापताना तिचा किंचित अंश जाळतो. तो हिशेबात धरला नाही तर खाच सैल पडते. संगणकावर अचूक दिसलेला सांधा अखेर हातानेच पारखावा लागतो.

एकाच मापाच्या हजार मेजांत पाठीला बाक असलेल्या मुलासाठी एकही नसते. आज्ञावलीतून त्याच्या एकट्याच्या मापाचे मेज घडू शकते. करुणेलाही अवजारे लागतात.

पुण्यातील आपल्या शाळेतही अशी छोटी कार्यशाळा उभी राहावी, ही आम्हां माजी विद्यार्थ्यांची विनंती आहे. तेथे आराखडा मुलांचा असावा आणि सांधा जुळविणारे हातही त्यांचेच असावेत.