उकिरड्यातली अळी आणि तिच्या पोटातले रहिवासी

पावसाळ्याच्या तोंडावर केरळातल्या कासारगोडपासून कोकणापर्यंत नारळाच्या बागांतून शेणखताचे खड्डे उपसले जातात. फावड्याबरोबर हमखास वर येते ती जाड, पांढुरकी, अर्धवर्तुळात वळलेली अळी. डोके तपकिरी, पाय सहा, आणि मागचा भाग करडा-काळसर. तो काळसरपणा तिच्या कातडीचा नव्हे. पातळ कातडीतून दिसणारे ते तिच्या आतड्यातले अन्न असते. शेतकरी बहुधा एवढे पाहत थांबत नाही. फावड्याची पात वळवतो आणि अळी चिरडतो.

त्याचा राग अनाठायी नाही. ही अळी गेंडा भुंग्याची असू शकते. हा भुंगा नारळाच्या शेंड्यात शिरून न उमललेला कोंब कुरतडतो आणि तेच पान पुढे उघडले की कात्रीने कापल्यासारखे दिसते. मात्र त्याची अळी उभ्या झाडाला तोंडही लावत नाही. कुजलेले खोड, शेणखत, पालापाचोळा हेच तिचे अन्न. एकाच जीवाच्या दोन अवस्था: एक नासधूस करणारी, दुसरी नासलेल्यावर जगणारी.

या दुसऱ्या अवस्थेपुढचे कोडे साधे नाही. कुजक्या लाकडात सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि त्यांना घट्ट बांधून ठेवणारे लिग्निन असते. नायट्रोजन फारच थोडा. अशा निकृष्ट आहारावर ही अळी काही महिन्यांत अंगठ्याएवढी जाड होते, ती कशी?

या कुळातल्या अळ्यांचे आतडे उघडून पाहिले असता दोन वेगळ्या खोल्या आढळतात. मधले आतडे तीव्र अल्कधर्मी असते. काही जातींत तिथला सामू १० च्या वर जातो. अशा द्रवात कुजक्या पदार्थाला चिकटून बसलेली प्रथिने आणि त्यातल्या सूक्ष्मजंतूंचे अवशेष सुटे होतात. अळीला मिळणाऱ्या नायट्रोजनाचा मोठा वाटा इथूनच येतो. त्यामागे असते पिशवीसारखे फुगलेले शेवटचे आतडे. तिथला सामू उदासीनतेकडे झुकतो, अन्न बराच काळ रेंगाळते आणि जिवाणूंची दाट वस्ती त्याला आंबवते. त्यातून निघणारी अ‍ॅसिटिक आम्लासारखी लहान आम्ले आतड्याच्या भिंतीतून अळीच्या शरीरात जातात. काही जातींत मिथेनही तयार होतो.

या पिशवीत ऑक्सिजन का नसतो, हे समजायला जीवशास्त्राआधी साधे भौतिकशास्त्र पुरते. पाण्यात विसरणाने पसरताना लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ऑक्सिजनच्या रेणूला ०.१ मिलिमीटर जायला सुमारे अडीच सेकंद लागतात. ५ मिलिमीटर जायचे तर अंतर ५० पट, पण वेळ २५०० पट, म्हणजे पावणेदोन तासांच्या आसपास. त्यात भिंतीलगतचे जिवाणू वाटेतच तो संपवतात. म्हणून काठावर ऑक्सिजन आणि आत त्याचा संपूर्ण अभाव, अशी दोन हवामाने काही मिलिमीटरच्या आत शेजारी नांदतात. काठावरचे जिवाणू पहारा देतात म्हणून आतले जगतात. भिंती, उतार, मुक्कामाचा काळ आणि शेजार हे सारे मिळून ते आतडे काम करते.

इथेच एक अवघड प्रश्न उभा राहतो. आतड्यात सापडलेला प्रत्येक जिवाणू तिथला रहिवासी असतो का? कुजके अन्न खाणारी अळी दर घासाला मातीतले असंख्य जिवाणू गिळते. त्यातले बरेच नुसते प्रवासी असतात, मागच्या दाराने निघून जाणारे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने पाने खाणाऱ्या अनेक सुरवंटांच्या बाबतीत दाखवले, की त्यांच्या पोटात कायमची जिवाणू-वस्ती जवळजवळ नसतेच. उलट शेणखतातल्या भुंगेऱ्यांच्या काही अळ्यांत शेवटच्या आतड्यातली वस्ती भोवतालच्या मातीपेक्षा स्पष्टपणे निराळी आढळली आहे. म्हणजे उत्तर प्रत्येक जातीत नव्याने शोधावे लागते.

प्रयोगशाळेत मात्र मोह मोठा असतो. आतड्यातला द्रव बशीवर पसरायचा, वाढलेल्या वसाहतींवर काँगो रेड रंग ओतायचा, आणि एखाद्या वसाहतीभोवती फिकट कडे उमटले की आनंदाने म्हणायचे, ‘सेल्युलोज खाणारा जिवाणू सापडला!’ रात्री उशिरा ते कडे पहिल्यांदा पाहणाऱ्या विद्यार्थिनीचा आनंद खोटा नसतो. पण बशीत बहुधा कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज असते. ते रासायनिक बदल करून पाण्यात विरघळणारे केलेले सेल्युलोज होय. भाताच्या पेंढ्यातले स्फटिकी, लिग्निनने बांधलेले सेल्युलोज हा निराळा पदार्थ आहे. आणि बशीवर वाढतात ते ऑक्सिजन चालणारे जिवाणू. पिशवीच्या मध्यभागातले बहुतेक रहिवासी त्या बशीत मरून गेलेले असतात.

तेवढ्यावरून ‘अळीच्या पोटात पेंढा जाळण्यावर उपाय’ असा मथळा होतो. पंजाब-हरियाणातल्या शेतकऱ्याला दोन पिकांमधल्या थोड्या दिवसांत शेत मोकळे करायचे असते. तो मथळ्याची वाट पाहू शकत नाही, आणि फसलेल्या मथळ्यानंतर पुढच्या खऱ्या संशोधनावर विश्वासही ठेवत नाही. घाईचे मोल असे दूरवर चुकवावे लागते.

संयमाने काय साधते, याचे उदाहरण याच भुंग्याने दिले आहे. १९६३ मध्ये आलोइस ह्यूगर यांना मलेशियात या अळ्यांना मारणारा विषाणू सापडला. तो मधल्या आतड्याच्या पेशींत वाढतो. बाधित प्रौढ भुंगा लगेच मरत नाही. तो उडत राहतो आणि आपल्या विष्ठेतून अंडी घालण्याच्या जागांवर विषाणू पेरतो. हा प्रवास समजल्यावरच विषाणू सोडण्याची पद्धत ठरली. कासारगोडच्या केंद्रीय लागवड पीक संशोधन संस्थेने या वाटेने काम केले, आणि लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावर विषाणू सोडल्यानंतर नारळाचे नुकसान घटले. हा विजयही कायमचा नव्हता. २००७ मध्ये ग्वाम बेटावर पोहोचलेल्या भुंग्यांवर प्रचलित विषाणू-वाणांचा प्रभाव पडेना. शोध पुन्हा सुरू करावा लागला.

खड्ड्यापाशी उभ्या शेतकऱ्याचा प्रश्न मात्र आजचा असतो: ही अळी मारू की ठेवू? एक सोपी खूण त्याला देता येते. अळी सपाट जागेवर सोडावी. पाठीवर उलटी होऊन सरपटत निघाली, तर ती बहुधा फूलभुंगेऱ्याच्या कुळातली, कुजक्यावर जगून खत बारीक करणारी. नारळाच्या शेंड्याला पोखरणारा भुंगा तिच्यातून निघत नाही. तिला खतात परत टाकावे.

विज्ञानाची बातमी वाचणाऱ्यानेही एवढाच क्षणभर थांबावा. जिवाणू ‘सापडला’ असे वाचल्यावर दोन प्रश्न विचारावेत: तो तिथे राहतो का, आणि तिथून बाहेर काढल्यावरही तेच काम करतो का?