बाजारभावाची बातमी सेव्ह का होईना?

एका मराठी बातम्यांच्या साइटवर रोजचे बाजारभाव देणाऱ्या उपसंपादकाकडून ते सदर काढून घेतलं गेलं, त्याबद्दलचा माझा राग अजून गेलेला नाही. कारण सांगितलं ते एवढंच, की त्याची बातमी वेळेवर लागत नाही. ते खरंही होतं. वर्डप्रेसमध्ये तो 'सेव्ह' दाबायचा आणि चाक फिरत राहायचं, कधी अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त. त्याच साइटवर बाकीच्यांच्या बातम्या क्षणात लागत होत्या.

मग दोष त्याचाच. तो तालुक्याच्या गावाहून काम करायचा, म्हणजे नेट खराब. लासलगावचा कांदा, लातूरचं सोयाबीन, वाशीची आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर असा तक्ता एक्सेलमधून उचलून चिकटवायचा, म्हणजे तक्ता बिघडलेला. त्याने पदरचे पैसे घालून दुसरं कनेक्शन घेतलं. तक्ता हाताने टाइप करून पाहिला. चाक फिरतच राहिलं. "तुम्हालाच कसा प्रॉब्लेम येतो?" असं त्याला मीटिंगमध्ये सर्वांसमोर विचारलं गेलं. त्याला टोमणा म्हणून विचारलेला हा प्रश्न खरं तर अगदी नेमका होता. तो कुणी सर्व्हरला विचारला असता तर त्याच दिवशी उत्तर मिळालं असतं.

सदर दुसऱ्या सहकारी बाईंकडे गेलं. त्या शहरातल्या ऑफिसात, चांगल्या लाइनवर बसायच्या. त्यांचंही चाक फिरायला लागलं. त्यांना मात्र कुणी नेटबद्दल विचारलं नाही. त्या दिवसापासून तो 'सिस्टिमचा प्रॉब्लेम' झाला आणि मला बघायला सांगितलं गेलं. दोन माणसांची अडचण तीच, पण एकीच्या शब्दावर विश्वास ठेवला गेला आणि दुसऱ्याच्या नाही, हे मला आजही पटत नाही.

होस्टिंगवाल्यांच्या सल्ल्याने मोठा सर्व्हर घेतला होता, प्लगइन बंद करून झाले होते, जुन्या रिव्हिजनही पुसल्या होत्या. मायएसक्यूएलचा स्लो क्वेरी लॉग रिकामा होता. मूळ सेटिंग बदललं नसेल तर तो 10 सेकंदांहून जास्त चालणाऱ्या क्वेरीच नोंदवतो, आणि इथे तेवढी लांब क्वेरी एकही नव्हती. धागा सापडला तो वेगळ्याच गोष्टीतून: तोच मजकूर, तोच तक्ता दुसऱ्या शीर्षकाखाली ठेवला की लगेच सेव्ह होत होता.

शीर्षक रोज एकच असे: 'महाराष्ट्रातील आजचे बाजारभाव', आणि पुढे तारीख. वर्डप्रेस शीर्षकावरून बातमीचा पत्ता, म्हणजे स्लग, तयार करतं आणि डेटाबेसमध्ये त्यासाठी 200 जागा आहेत. इंग्रजी अक्षराला एक जागा पुरते. देवनागरीत प्रत्येक व्यंजन, काना, वेलांटी, हलंत हे वेगळं चिन्ह. यूटीएफ-8 मध्ये त्याचे 3 बाइट होतात, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह 3 जागा घेतो. एका चिन्हाला 9 जागा. 'महाराष्ट्रातील' या एकाच शब्दात 14 चिन्हं आहेत, म्हणजे 126 जागा तिथेच गेल्या. 'बाजारभाव'मधल्या 'बाजा'पर्यंत 200 भरतात. तारीख पत्त्यात पोहोचतच नाही.

म्हणून रोजच्या बातमीचा पत्ता कालच्यासारखाच. तो वेगळा करायला वर्डप्रेस शेवटी 2 लावून पाहतं, मग 3, मग 4, आणि मोकळा आकडा सापडेपर्यंत दर वेळी डेटाबेसला विचारतं. सदर तीन वर्षांहून जास्त चाललेलं, बातम्या हजारावर. त्यात डेटाबेसमधली पत्त्याची सूची (इंडेक्स) पहिले 191 वर्णच पाहते, कारण मायएसक्यूएलच्या जुन्या इनोडीबीत सूचीला 767 बाइटांची मर्यादा होती आणि एका वर्णाला 4 बाइट धरले की 191च बसतात. आमचं शीर्षक 'बाज'पर्यंत बरोबर 191 भरतं! आकड्यांतला फरक त्याच्या पुढे. सूचीला सगळ्या बातम्या सारख्याच दिसणार, म्हणजे हजारावर प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नाला शेकडो ओळींची चाळण. जनरल लॉग उघडला तेव्हा एकच क्वेरी शेवटचा आकडा बदलत पानंच्या पानं धावताना दिसली.

पत्ता रोमनमध्ये द्या, असं लगेच सुचवलं गेलं. मराठी बातमीचा पत्ता मराठीतच हवा, यासाठी मी आधीपासून भांडत आले आहे. तरी करून पाहिलं. उपयोग झाला नाही. पत्ता हाताने दिला तरी ब्लॉक एडिटर प्रत्येक सेव्हला शीर्षकावरून संभाव्य पत्ता काढतोच. शेवटी शीर्षकच उलटं केलं: आधी तारीख, महिना, वर्ष, मग 'महाराष्ट्रातील आजचे बाजारभाव'. वाचायला ते मला आजही खटकतं, कारण ठरलेलं सदर ठरलेल्या नावाने ओळखलं जातं.

200 जागा ठरवताना आपल्या लिपीचा विचार कुणी केला नाही, असं मला तेव्हा फार वाटलं. आता तितकं वाटत नाही. 2003 पासून फुकट मिळणारी ही व्यवस्था मराठी शीर्षकाला मराठी पत्ता आपण होऊन देते, आणि ते काही कमी नाही.

सदर मात्र त्याच्याकडे परत गेलं नाही. मी विषय काढला, तेव्हा "आता चालतंय ना" एवढंच उत्तर मिळालं. राशिभविष्य, पंचांग, दिनविशेष चालवणाऱ्यांनी आपल्या आजच्या बातमीचा पत्ता एकदा उघडून पाहावा. शेवटी 700, 800 असा आकडा असेल, तर मोठा सर्व्हर घेण्याआधी शीर्षकातली तारीख पुढे आणून बघावी.