राहिलेला 'अ'

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर अण्णांची चाळीस वर्षे गेली. एवढ्या काळात त्यांना कोणी खोटे ठरवले नव्हते. ठरवले ते एका अक्षरावरून.

दुबईच्या व्यापाऱ्याकडे निघालेल्या मालातील काही पोती बंदरावर पावसात भिजली. अण्णांनी ते लपवले नाही; त्याच दिवशी आपल्या इंग्रजीत कळवले, 'फ्यू बॅग्ज आर वेट.' माल पोहोचला, तेव्हा भिजलेली पोती २२ निघाली. "भिजलेली जवळजवळ नाहीतच, असे तुम्ही लिहिले होते. खरे लपवलेत," असे उत्तर आले आणि निम्मी रक्कम अडकली. रकमेचे दुःख होतेच. पण 'लपवलेत' हा शब्द अण्णांना अधिक लागला. सूर्यास्तापूर्वीचे जेवण त्या दिवशी ताटातच राहिले.

महाविद्यालयात शिकणाऱ्या नातीने पत्र वाचले. "अण्णा, नुसते 'फ्यू' म्हणजे नगण्य. 'अ फ्यू' म्हणजे काही. तुमचा 'अ' राहिला."

"आपल्या भाषेत तो असतो कुठे?" अण्णा म्हणाले. ते खरेच होते. मराठीत असे उपपदच नाही. मग त्याची उणीव जाणवणार कशी?

नातीने जुन्या पत्रांची फाईल काढली. एका पत्रात 'टिल फ्रायडे' माल पाठवू, असे होते. अण्णांच्या मनात शुक्रवारच्या आत. वाचणाऱ्याला मात्र शुक्रवार येईपर्यंत पाठवतच राहू, असे वाटणार. तेथे 'बाय' हवे होते. मराठीतील एकटा 'पर्यंत' दोन्ही कामे करतो, आणि भाषांतर करणारा तेथेच फसतो. दलालीचे उदाहरण मात्र अण्णांना सांगताच कळले. 'बाय टू पर्सेंट' म्हणजे दोन टक्क्यांनी, 'टू टू पर्सेंट' म्हणजे दोन टक्क्यांवर. पाचाची दलाली दोन टक्क्यांनी उतरली तर तीन उरते, दोनावर उतरली तर दोन. 'नी' आणि 'वर' यांतील अंतर व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही!

रात्री अण्णा नवे पत्र लिहावयास बसले. आकडा प्रथमच लिहिला असता तर हे घडलेच नसते, हे त्यांनी स्वतःशी कबूल केले. भिजलेल्या पोत्यांची किंमत सोडून देत असल्याचे लिहिताना लेखणी अडखळली.

"बाळ, 'ट्वेंटी-टू बॅग्ज'च्या आधी आता काय घालू?"

"'द' घाला, अण्णा. ती पोती आता त्यांनाही ठाऊक आहेत."