काल्हेरच्या परसातली चूल

ठाण्याहून भिवंडीकडे निघालं, कशेळीचा पूल ओलांडला की खाडीचा खारा वारा तोंडावर येतो आणि पाठोपाठ काल्हेर. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामं नि ट्रकच्या रांगा. "तिथं बघायचं तरी काय?" असं मैत्रिणी विचारतात. त्यांनी गोदामांमागच्या जुन्या आगरी घरांच्या परसात डोकवावं. घरात गॅस आहेच हो. पण तांदळाची भाकरी नि भाजलेला सुका बोंबील चुलीवरचाच लागतो.

या हवेत लोखंडी शेगडी मात्र टिकत नाही. वारा खारा, त्यात शेगडीत राहिलेली राख ओल धरते. गंज तळापासूनच चढतो. म्हणून शेगडी निवली की राख काढावीच. गंज पॉलिश पेपरनं घासून, कोरड्या फडक्यानं पुसून तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. आतून रंग लावू नये, तापला की घाण वास सुटतो. जाळी झिजली असेल तर वेल्डरकडून साध्या सळईची करून घ्यावी. चकचकीत जस्ती जाळी नकोच. निखाऱ्यावर जस्ताचा धूर निघतो, तो बाधतो. आणि पावसाळ्यात ऊब हवी म्हणून कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून कधीही झोपू नये. त्या विषारी वायूला ना वास ना रंग, माणूस झोपेतच जातो.

मातीच्या चुलीची तऱ्हा वेगळी. पावसात ती ओल पिते, मग आच लागली की तडकते. पाऊस सरला की इथल्या बायका चीर थोडी खरवडून रुंद करतात, पाण्यानं भिजवतात आणि चिकणमाती, शेण, भाताचा तूस एकत्र मळून आत दाबून भरतात. कोरड्या चिरेत नवी माती धरत नाही. तुसामुळे सुकताना तडे कमी जातात. दोन-तीन दिवस सावलीत सुकवून आधी काटक्यांचा बारीक जाळ, मगच लाकडं.

पण ही माती भाताच्या खाचरातली, आणि खाचरांवर भराव पडून गोदामं उभी राहिली. भरावाच्या मुरमानं चूल लिंपता येत नाही. एका आजींनी शेजारच्या घराचा पाया खणताना निघालेली माती दोन गोणी भरून माळ्यावर ठेवली आहे. मागायला गेलं तर ओंजळभरच देतात.