नळकांडी भरणारा विद्यार्थी

आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत जैवऔषधांच्या कारखान्यात काम करतो. घाटकोपरला राहणाऱ्या त्याच्या आई मात्र खंतावून म्हणतात, "एवढा एम.एस्सी. झाला आणि नळकांडी भरतो." या नळकांड्यांविषयी इतिहासाच्या शिक्षकाने लिहावे, हे थोडे विचित्रच, पण त्यांनाही इतिहास आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञाने काचेच्या नळीत खडूची पूड ठासून भरली, तीतून पानांचा अर्क जाऊ दिला आणि त्यातील रंगांचे पट्टे वेगळे केले. 1906 साली त्याने या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले. मराठीत ते वर्णलेखन. 'वर्ण' हा शब्द आमच्या कानाला बोचणारा. इथे मात्र त्याचा अर्थ केवळ रंग. त्स्वेत या आडनावाचाही रशियन भाषेत तोच अर्थ आहे.

आज खडूच्या जागी ओले, सच्छिद्र मणी असतात आणि त्यांतून औषधी प्रथिने वेगळी केली जातात. खरी कसोटी हे मणी भरण्यात आहे. वसतिगृहाच्या कोठीत डबा आपटून तांदूळ बसवलेल्या मुलांना हे चटकन कळेल. थर सैल राहिला, तर द्रव भलतीच वाट काढतो. फार दाबला, तर मणी चेपून प्रवाह अडतो. प्रयोगशाळेतील बारीक नळीत काचेची भिंतच थराला आधार देते. मीटरभर रुंदीच्या स्तंभात मधल्या मण्यांना तो आधार मिळत नाही. द्रवाचा वेग तोच ठेवला तरी थर अधिक दबतो. म्हणून मण्यांचा घोळ एकसारखा ढवळायचा, हवेचा बुडबुडा राहू न देता आत सोडायचा, ठरल्या वेगाने थर बसवायचा आणि वरचे झाकण मोजून खाली आणायचे. मग थोडे मिठाचे पाणी सोडून ते बाहेर कसे पडते, हे आलेखावर पाहायचे. शिखर दोन्ही बाजूंनी सारखे उमटले, तर भरण नीट. शेपूट लांबले, तर स्तंभ रिकामा करून पुन्हा पहिल्यापासून. "सर, त्या दिवशी घरी पोहोचायला मध्यरात्र होते," तो म्हणाला. काही मण्यांची किंमत लिटरला लाखांत असते. हाताचे काम आणि डोक्याचे काम ही विभागणी त्या खोलीत टिकतच नाही.

मुंबईचे या विद्येशी नाते आहे. माटुंग्याची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी 1933 साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली, तेव्हा तेथे कापडाचे रसायनशास्त्र शिकवले जाई. तेथेच पुढे प्रा. अरविंद लाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेल्युलोजचे, म्हणजे कापसात असते त्याच द्रव्याचे, कणखर मणी घडवले. ते ठासून न भरता, खालून वर वाहणाऱ्या द्रवात सैल तरंगत ठेवता येतात. मग पेशींचा गाळ मधून निघून जातो आणि आधी गाळून घेण्याची खटपट वाचते. ज्यांच्या आजोबांनी गिरणीत कापूस हाताळला, त्यांना ही गोष्ट ठाऊक असावी, असे मला वाटते.

गेल्या पावसाळ्यात हा विद्यार्थी शाळेत आला. नववीच्या मुलांकडून त्याने बाटल्यांत वाळू भरून घेतली आणि वरून शाईचे पाणी सोडायला लावले. पहिल्या दोन वेळा शाई एका कडेने घसरली. तिसऱ्यांदा मुलांनी ओली वाळू हळूहळू बसवली; निळा पट्टा सपाट उतरू लागला, आणि जेवणाची घंटा झाली तरी कोणी उठेना.