तिसऱ्या, कुर्ली आणि हुरडा

बालमित्रांनो, दुसऱ्यांच्या घरी जेवताना तुमची कधी फजिती झालीय का? माझी झालीय. आणि ती अशी, की आजही आठवली तरी कान गरम होतात!

मी परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडचा. गोदावरीच्या काठचं गाव. नदीतली मरळ, रोहू आमच्या घरी व्हायची. त्यामुळे मासे खाण्यात आपण पटाईत, असा माझा समज! सहावीच्या उन्हाळी सुट्टीत आम्ही बाबांच्या मित्राकडे मालवणला गेलो. समुद्र मी पहिल्यांदाच पाहत होतो. दुपारी पानं वाढली. ताटात भात, सोलकढी, एका वाटीत तिसऱ्या आणि मधोमध लालभडक कुर्ली, म्हणजे खेकडा!

कसं खायचं ते विचारायची लाज वाटली. मी सरळ एक तिसरी शिंपल्यासकट तोंडात टाकली. कडाड्! दात शिवशिवला. मग कुर्लीची नांगी दोन्ही हातांनी दाबली, तर रस्सा उडाला थेट काकांच्या पांढऱ्या शर्टावर. त्यांचा माझ्याच वयाचा मुलगा खो खो हसत सुटला. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता एस.टी. धरावी आणि परभणी गाठावी.

तेवढ्यात त्याच्या आजी त्याला म्हणाल्या, "हसतंस कित्याक? शिकवल्याशिवाय कोणाक येता?" आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या.

त्यांनी काय शिकवलं, ऐका. तिसऱ्या शिजल्या, की शिंपलं आपोआप उघडतं. जे उघडत नाही, ते जबरदस्तीनं उघडून खायचं नाही, टाकून द्यायचं. उघडलेलं शिंपलं बोटांत धरून आतला मऊ गर ओठांनी अलगद काढून घ्यायचा. पहिली तिसरी खाल्ली, की तिच्या रिकाम्या जोडशिंपल्याचा चिमटा करून पुढच्या तिसरीतला गर उचलायचा. आहे की नाही गंमत?

कुर्लीला पाय दहा. त्यातले पुढचे दोन म्हणजे नांग्या. आधी बारीक पाय सांध्यावर मोडून घ्यायचे आणि चोखायचे. थोडा आवाज झाला तरी चालतो! नांगीचं कवच टणक. ते दातांनी फोडायचं नाही. वरवंट्यानं हलकेच ठेचायचं आणि वर तळहाताचा आडोसा धरायचा, म्हणजे रस्सा उडत नाही. आतलं मांस काढायला पायाचं टोकदार टोक हीच सळई. कवचं आणि शिंपली ताटाबाहेर पसरायची नाहीत, वेगळ्या वाडग्यात ठेवायची. शेवटी कोमट पाण्यात लिंबू पिळून हात धुवायचे. मोठ्या हॉटेलांत यासाठी अडकित्त्यासारखा चिमटा, लांब काटा आणि लिंबू टाकलेल्या पाण्याची वाटी देतात. पण युक्ती आजींचीच!

आणखी एक. कोळंबी, खेकडे, शिंपल्या खाऊन काहींच्या अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात, कधी श्वासही लागतो. असं होत असेल, तर भिडेखातर खाऊ नका. किंवा घरी मांस-मासे खातच नसाल, तरी नाक मुरडू नका. "मी हे खात नाही" असं हसून सांगा. त्यात कसला अपमान?

त्याच वर्षी नाताळच्या सुट्टीत तो मालवणचा मुलगा आमच्याकडे आला. शेतात आगटी पेटवली, ज्वारीची कोवळी कणसं भाजली. आम्ही गरम कणीस हातावर चोळतो, फुंकर मारून कोंडा उडवतो आणि मग हुरडा तोंडात टाकतो. त्यानं काय केलं? न चोळता थेट कणसालाच दात लावले! कूस घशात अडकली आणि बिचारा खोकून खोकून लालबुंद झाला.

मला हसू फुटणार, इतक्यात आजी आठवल्या. मी त्याला पाणी दिलं आणि म्हणालो, "थांब, असं चोळ. आता फुंकर मार." त्यानं माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघांनाही कुर्ली आठवली आणि मग मात्र दोघंही पोट धरून हसलो.

मित्रांनो, जेवणाच्या रीती गावोगावी वेगळ्या. त्या सगळ्या कुणाला येणार? येत नसेल तर विचारावं आणि येत असेल तर न हसता शिकवावं. ही एक रीत मात्र मालवणलाही चालते आणि परभणीलाही. काय, पटतंय ना?